‘अ’ नसलेली विहीर

विहिरीच्या तळाशी उभा असलेला माणूस फार बोलत नाही. बोलायला दम लागतो, आणि तिथे दम पुरवून वापरावा लागतो. म्हणून म्हातारा खालून एकेकच शब्द वर पाठवायचा. ‘सावकाश.’ ‘भराभर.’ ‘अलगद.’ ‘जरासं.’ काय करायचं हे सांगायची गरजच नव्हती. रहाटाला धरून उभं राहिलेलं माणूस ओढणार किंवा सोडणार, नाचणार थोडंच? कसं करायचं, तेवढंच सांगायचं.

रहाटाला दोन दांडे. एका दांड्याला म्हाताऱ्याचा मुलगा, दुसऱ्याला सून. हा दुसरा दांडा पूर्वी सासूचा होता. सासूच्या कानांनी रजा घेतली तसा तो सुनेकडे आला, दुसऱ्या घरांत चाव्यांचा जुडगा येतो तसा. चाव्यांनी तळहाताला घट्टे पडत नाहीत, एवढाच काय तो फरक.

सून हुशार होती. म्हाताऱ्याचे शब्द तिला पहिल्या वर्षातच पाठ झाले. ‘अलगद’ म्हणजे टोपल्यात मोठा दगड आहे, दोर भिंतीला घासू द्यायचा नाही. ‘भराभर’ म्हणजे रिकामं टोपलं लवकर सोडा, मी इथे गाळात उभा आहे. आणि ‘सावकाश’ म्हणजे दोराला म्हातारा स्वतः लटकलेला आहे. त्या शब्दांत एक शब्द मात्र कधीच आला नव्हता. ओढून झाल्यावर, ‘बरं ओढलंत’ किंवा ‘चांगलं’ असं काही. कसं करा हे म्हातारा सांगे. कसं केलंत हे त्याने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. ‘म्हणजे काही बोलले नाहीत तर चांगलं समजायचं,’ असं सासूने सुनेला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि बसूनच राहिला. एरवी अशा दिवसांत या घराला उसंत नसायची. पण भोक पाडणारं यंत्र आलं आणि विहीर खणणाऱ्यांना कुणी विचारीना. हाताशी एकच काम होतं, रोपवाटिकेतली जुनी विहीर खोल करायचं. मुरूम निघाला तोवर ठीक चाललं होतं. मग काळा खडक लागला. बापलेक पाळीपाळीने खाली उतरत, पण मुलाच्या अंगठ्यावर घण बसला, नख काळं होऊन फुगलं, आणि तेव्हापासून पाळी एकट्या म्हाताऱ्याचीच झाली.

रोपवाटिकेची मालकीण रोज सकाळी येऊन काठावरून वाकून बघायची.

“काय हो, पोचलात का पाताळात?”

“पोचलो,” मुलगा म्हणाला. “पण ओळखीचं कुणी भेटलं नाही अजून.”

“थट्टा पुरे. माझ्या रोपांनी माना टाकल्या आहेत. यंत्रवाला म्हणतो, एका दिवसात पाणी काढून देतो. मी कुठवर थांबू?”

“बाई, भोक पाडणं वेगळं आणि विहीर खणणं वेगळं.”

“तहानलेल्या रोपाला तो फरक कळत नाही,” ती म्हणाली. आणि खोटं बोलत नव्हती. जाता जाता तिने एका कुंडीतलं करपलेलं पान हलकेच खुडलं. ते सुनेला दिसलं, म्हणून तिला बाईचा राग येईना.

घरावरचं संकट सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं. बोलली ती एकटी सून. गावाबाहेर नवं पंपघर झालं होतं. तिथे माणूस हवं होतं. चाकं फिरवायची, काटा बघायचा, वेळच्या वेळी पाणी सोडायचं. अट एकच, शाळेची शेवटची परीक्षा पास पाहिजे. सुनेचे सगळे विषय लग्नाआधीच सुटले होते. इंग्रजीत तेवढी तिने गटांगळी खाल्ली होती. एवढा एक विषय सुटला तर पंपघर, नाही तर हा दांडा. आणि हे काम संपलं की दांडाही नाही.

मुलं घरी गेली की शाळेत संध्याकाळी मोठ्या बायकांचा वर्ग भरे. बाकं पोरांची, त्यामुळे गुडघे कुठे ठेवायचे हा पहिला प्रश्न आणि इंग्रजी हा दुसरा. शिकवायला मास्तरीणबाई, मऊ स्वभावाच्या, पण फळ्यावर खडू असा दाबायच्या की त्याचे तुकडे उडायचे.

त्या दिवशी क्रियाविशेषण निघालं.

“काम कसं केलं, कुठे केलं, कधी केलं, किती केलं,” बाई म्हणाल्या, “हे सांगणारा शब्द. आपल्यात आधी कसं आणि मग काम. ‘हळू चाल.’ इंग्रजीत बहुतेक वेळा आधी काम आणि मागून कसं. ‘वॉक स्लोली.’”

सुनेला हसू आलं. घरी मामंजी दिवसभर हेच बोलतात आणि त्याला इतकं मोठं नाव आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

“पुष्कळदा या शब्दाला ‘ली’ ही शेपटी असते. स्लो, स्लोली. क्विक, क्विकली. पण शेपटी दिसली की धरायची नाही. काही चावतात. बोला, आपापल्या घरातलं एकेक वाक्य.”

शिंपीण सगळ्यांत आधी उठली. तिला कुठेही आधी उठायची सवय. “माय हजबंड वर्क्स हार्डली.”

“हीच ती चावणारी शेपटी,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला म्हणायचं आहे, नवरा कष्ट करतो. ते ‘वर्क्स हार्ड.’ ‘हार्डली’ लावलं तर अर्थ होतो, तो जेमतेम काम करतो. नसल्यासारखंच.”

“मग बरोबर आहे की!” शिंपीण म्हणाली. “राहू द्या तसंच.”

वर्ग हसला. मग बाईंनी सुनेसाठी स्वतःच फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘हर फादर-इन-लॉ डिग्ज वेल.’ “यातलं क्रियाविशेषण दाखव.”

सून उभी राहिली. वाक्य तिने दोनदा वाचलं. “बाई, यात नाही.”

“नीट बघ.”

“नीटच बघितलं. डिग्ज म्हणजे खणतात. वेल म्हणजे विहीर. सासरे विहीर खणतात. कशी खणतात, ते तुम्ही लिहिलेलंच नाही.”

आणि जो हशा झाला त्याने खिडकीतली चिमणी उडाली. बाईसुद्धा हसल्या, आणि हसल्याचं लगेच त्यांना वाईट वाटलं. “अगं, ‘वेल’ म्हणजे इथे ‘चांगलं’. ‘गुड’चं क्रियाविशेषण. शेपटी न लावता पार तोंडच बदलणारं. विहीर म्हणायची असती तर आधी ‘अ’ आला असता. ‘अ वेल.’ एवढासा ‘अ’.”

“हिला विहिरीशिवाय काही दिसतच नाही,” शिंपीण म्हणाली. “आजपासून तू वेलबाई.”

“वेल म्हणजे मांडवावर चढतो तो ना?” मागून कुणीतरी विचारलं, आणि पुन्हा हशा.

सून खाली बसली. गुडघा बाकाला आपटला. हसल्याचं तिला तितकंसं लागलं नाही. लागलं ते दुसरंच. ‘सासरे चांगलं खणतात’ असं सरळ लिहिलेलं वाक्य समोर होतं, आणि त्यांच्याच घरात राहून तिला ते वाचता आलं नव्हतं. त्या घरात तो शब्द कधी कुणी उच्चारलेलाच नव्हता, मग डोळ्यांना कुठून सवय असणार?

दुसऱ्या दिवसापासून तिने रहाटावरच अभ्यास काढला. खालून ‘सावकाश’ आलं की ती ओठांत ‘स्लोली’ म्हणे. ‘अलगद’ला ‘जेंटली’. ‘जरासं’ला ‘अ लिटल’.

“मंत्र म्हणतेस का?” नवऱ्याने विचारलं.

“अभ्यास.”

“इंग्रजीत पुटपुटलं की पाणी लवकर लागतं वाटतं.” तो चिडखोर नव्हता. अंगठा ठणकत होता, आणि ही पंपघरात गेली तर दुसऱ्या दांड्याला कोण, हा प्रश्न त्याहून जास्त ठणकत होता. पण तो प्रश्न विचारणं म्हणजे ‘जाऊ नको’ म्हणणं, आणि तसं म्हणायचं त्याच्या जिवावर येई. म्हणून थट्टा.

तिसऱ्या प्रहरी भरलेलं टोपलं वर येत होतं. खालून शब्द आला, “बेतानं!”

हा शब्द नवा नव्हता. पण त्याला इंग्रजीत काय म्हणायचं हे तिला येत नव्हतं. ती शोधायला गेली. केअरफुली? की स्लोलीच? तेवढ्यात तिचा दांडा अर्धा हिसका मागे राहिला, नवऱ्याचा पुढे गेला, टोपलं झोकांडलं आणि भिंतीवर आदळलं. एक दगड सुटला.

खाली घणाचा आवाज बंद झाला.

“बाबा!” नवरा ओरडला. “बाबा!”

बऱ्याच वेळाने वर शब्द आला. “सावकाश.”

म्हातारा दोराला धरून वर आला तेव्हा खांद्यावरचा सदरा फाटला होता आणि त्याखाली रक्त धुळीत मिसळून चिखल झाला होता. दगड मुठीएवढासुद्धा नव्हता. डोक्यावर पडला असता तर तेवढाही पुरला असता. तो काठावर बसला, पाणी प्यायला, आणि सुनेकडे बघून म्हणाला, “कुठे गेली होतीस?”

“इथेच होते, मामंजी.”

“हात इथे होते. तू कुठे होतीस?”

नवरा तिच्याकडे न बघता म्हणाला, “तो वर्ग बंद कर. आजपासून.” आणि तिने मान हलवली. त्या वेळी तिला ते शंभर टक्के पटलं होतं.

ती गेली नाही. परीक्षा जवळ आली तरी गेली नाही. शिंपीण एकदा दारात येऊन गेली. “वेलबाई, मी चिडवलं म्हणून रुसलीस का? ये की. तू नसलीस तर बाई सगळं मलाच विचारतात.” सून म्हणाली, “घरात काम आहे.” शिंपिणीने घरात बघितलं. घरात म्हातारा उघड्या अंगाने पालथा पडला होता आणि सासू त्याच्या खांद्याला कोमट तेल लावत होती. जाताना सुनेच्या पोलक्याची उसवलेली बाही तिने चिमटीत धरून बघितली आणि म्हणाली, “ही माझ्याकडे दे, टाका घालते.”

ती गेल्यावर म्हातारा पालथ्यानेच बोलला. “वेलबाई का म्हणते ती तुला?”

सुनेला सांगायचं नव्हतं. पण दोराची सवय. तो विचारील तेवढ्याचं उत्तर द्यायचं. तिने सगळं सांगितलं. फळ्यावरचं वाक्य, हशा, ‘अ’.

म्हातारा तोंड उशीत खुपसून पडला होता, म्हणून आधी कळलंच नाही. मग त्याची पाठ हलायला लागली. तो हसत होता. सासूने तेलाचा हात थांबवून सुनेकडे पाहिलं. “दुखतंय का त्यांना?”

“नाही हो आई, हसताहेत!” सून मोठ्याने म्हणाली.

“अगं बाई,” सासू म्हणाली. “ताप आला की काय.”

“म्हणजे,” म्हातारा म्हणाला, “मी खणतो तीही वेल आणि चांगलं खणतो तेही वेल.”

“हो.”

“आणि ठरतं त्या ‘अ’वर. केवढा असतो तो?”

तिने जमिनीवरच्या धुळीत बोटाने काढून दाखवला. तो मान वळवून बघत राहिला. “खड्याएवढाच आहे,” तो म्हणाला. “पण खडा असला काय आणि नसला काय, फरक पडतो. मला विचार.” त्याने खांद्याकडे हनुवटी केली. सून खाली बघायला लागली. “त्या दिवशी काय शोधत होतीस?”

“बेतानं. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते.”

“सापडलं?”

“नाही.”

“मग शोध. पण रहाटावर नाही. दोराला एकच भाषा येते. परीक्षा कधी आहे?”

“परवा. पण दांड्याला कुणी नाही, मामंजी. काम बंद ठेवलं तर मालकीण यंत्र आणणार.”

सासूला शब्द ऐकू येत नव्हते. पण ती इतकी वर्षं माणसांची तोंडं बघत आली होती. तिने तेलाचे हात फडक्याला पुसले. “मी उभी राहते.”

“आई, तुला ऐकू येत नाही,” दारात बसलेला मुलगा म्हणाला, आणि ऐकू येत नाही म्हणून हातवारे करून पुन्हा मोठ्याने म्हणाला.

“ओरडू नकोस. तुझा बाप काय बोलतो ते ऐकायला कान कशाला लागतात? चारच तर शब्द आहेत त्याच्याकडे. दोर धरला की तळहाताला कळतात.” मग सुनेला म्हणाली, “तू जा. माझा दांडा मला एक दिवस दे परत.”

लेखी परीक्षा बरी गेली. तोंडी परीक्षेला एका लांबट खोलीत एक परीक्षक बसले होते. मानेवर ओला रुमाल, समोर अर्धा पेला पाणी. सकाळपासून त्यांनी इतक्या जणींची वाक्यं ऐकली होती की आता ते डोळे मिटूनच ऐकत होते.

“वन सेंटेन्स,” ते म्हणाले. “अबाउट युवर फॅमिली. विथ अ‍ॅन अ‍ॅडव्हर्ब.”

सुनेने पाठ केलेली वाक्यं होती. आई हळू चालते. भाऊ मोठ्याने गातो. शेपटीवाली, सुरक्षित. पण तोंडातून आलं ते भलतंच. “माय फादर-इन-लॉ डिग्ज वेल.”

परीक्षकांनी डोळे उघडले. समोर उन्हात रापलेली बाई, मनगटं जाड, बोटं दोराने घासलेली. त्यांनी मायेनेच मान हलवली आणि पेन्सिल उचलली. “अ वेल. डिग्ज अ वेल. यू फरगॉट ‘अ’. आणि मग त्यात अ‍ॅडव्हर्ब राहत नाही.”

सुनेची मान होकारार्थी हलायला निघाली होती. समोर टेबलामागे साहेब बसलेले असले की मान आपोआप हलते. पेन्सिल कागदाकडे निघाली. आणि तिला वाटलं, हा दांडा आत्ता सुटला तर सुटलाच.

“नो, सर.”

पेन्सिल थांबली.

“नो ‘अ’,” ती म्हणाली. शब्द सरळ उतरला. “आय डोन्ट वाँट ‘अ’.”

“व्हाय? व्हॉट डझ ही डिग?”

“अ वेल, सर.”

“देन?”

ती थांबली. बेतानं, असं तिने स्वतःला मराठीतच सांगितलं. “ही डिग्ज... अ वेल... वेल.”

परीक्षकांनी चष्मा काढला. ते वाक्य त्यांनी ओठांत एकदा म्हणून बघितलं. पहिल्या ‘वेल’पाशी बोट आपटलं, दुसऱ्यापाशी पुन्हा. मग ते हसले. हशा फळ्यासमोर झाला होता तसा नव्हता. “मी तुमच्याकडे बघून ऐकलं,” ते मराठीत म्हणाले. “नुसतं ऐकायला हवं होतं.” आणि पुन्हा साहेब होऊन, “हाउ वेल?”

“व्हेरी,” सून म्हणाली.

घरी परतली तेव्हा सासू तळहात पाण्यात बुडवून बसली होती. तळहाताला फोड आले होते आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा होता. “एकदाही चुकलं नाही,” ती म्हणाली. “विचार त्यांना.” सुनेने विचारलं नाही. काही बोलले नाहीत म्हणजे चांगलंच.

त्यानंतर खडकाने आणखी बरेच दिवस छळलं. मालकिणीने यंत्रवाल्याला निरोप धाडला, मग पुन्हा निरोप धाडून थांबवलं, कारण एका सकाळी टोपल्यातून आलेल्या खडीला ओल होती. तिने ती खडी ओंजळीत घेतली, नाकाशी नेली, आणि एकदम खालीच बसली. “आणखी दोन दिवस,” ती म्हणाली. “दोन दिवस थांबते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सून दांड्याला होती. ओठ मिटलेले, हात आणि ती दोघंही एकाच ठिकाणी. खाली म्हातारा पाचर ठोकत होता. तेवढ्यात रोपांच्या वाफ्यांमधून मास्तरीणबाई धावत येताना दिसल्या. त्यांना धावताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. हाताला अजून खडू लागलेला. “झालीस!” त्या लांबूनच ओरडल्या. “पास झालीस! शिंपीणसुद्धा झाली, हार्डली झाली, पण झाली!”

सुनेने दांडा सोडला नाही. टोपलं अर्ध्यावर होतं. ते वर घेतलं, रिकामं केलं, दोराला खुंटी लावली, मग ती खाली बसली आणि फडक्यात तोंड लपवलं. नवरा तिच्याजवळ उभा राहिला. काळ्या नखाचा अंगठा त्याने तिच्या डोक्यावर ठेवला, नको तितका जड. मग काठावर ओणवा होऊन ओरडला, “बाबा! ही पास झाली!”

खाली ठोकणं थांबलं. मग एक घाव, जोराचा. खडक तडकल्याचा आवाज आला, आणि त्यामागून बारीक, खळखळणारा दुसरा आवाज. आणि मग विहिरीतून घुमत शब्द वर आला.

“वेल!”

नवऱ्याने वळून बघितलं. “काय म्हणाले? पाणी लागलं असं म्हणाले, की तुला म्हणाले?”

सून उठली होती. डोळे पुसायला वेळ नव्हता. खाली दोराला ओझं आलं होतं, ओळखीचं, माणसाएवढं. तिने खुंटी काढली, आपला दांडा धरला. नवऱ्याने दुसरा धरला आणि गोंधळून तिच्याकडे पाहिलं. सावकाश नाही, भराभर नाही, अलगद नाही.

“अगं, पण वेल म्हणजे ओढायचं कसं?”

“नीट,” ती म्हणाली. “नीट ओढा.”